डोकं, पापणी, पाठ : तुमचं दुखणं तुम्हाला कसं उमगलं?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझं डोकं जवळपास रोज दुखायला लागलं. शाळा सुटायच्या सुमाराला कपाळाभोवती फडकं आवळल्यासारखं व्हायचं. एक गोळी घ्यायची आणि तपासायच्या वह्या पुढ्यात ओढायच्या. डॉक्टरांनी विचारलं, "महिन्याला किती गोळ्या होतात?" मला सांगता येईना. मग कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी गोळीची फुली मारायला लागले. महिनाअखेर फुल्या निघाल्या २२. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी ३ महिन्यांहून अधिक काळ घेतली की त्या गोळीनेच डोकं दुखू लागतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या देखरेखीखाली गोळी बंद केली. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, मग उतार पडला.

गोळ्यांची नावं नकोत. दुखणं कधी यायचं, तुम्ही त्याला काय समजत होतात आणि खरं काय निघालं, ते लिहा.

गृहिणी, नाशिक

आमच्या घरात त्याला पित्त म्हणायचे. आईलाही तसंच व्हायचं. उपवासाच्या दिवशी, उन्हातून आल्यावर, पाळीच्या आधी डोक्याची एक बाजू ठणकायची. खोलीत अंधार करून पडायचं. कुकरची शिटीसुद्धा सहन व्हायची नाही. उलटी झाली की बरं वाटायचं, म्हणून मी बोटं घालून उलटी काढायचे. वीस वर्षं कोकम, मोरावळा, सुंठेचा लेप. निघाली अर्धशिशी. मळमळ हा तिचाच भाग असतो, पोटातून काही डोक्यात चढत नाही, हे ऐकून मी दवाखान्यातच रडले. इतकी वर्षं 'खाण्यावर ताबा नाही' असं ऐकून घेतलं होतं.

ठणक सुरू होण्याआधी नजरेसमोर चकाकती नागमोडी रेघ यायची, विसेक मिनिटं राहायची. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. मुलींनो, अशी रेघ दिसत असेल तर गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्यांनी अशा बायकांना पक्षाघाताचा धोका वाढतो. मी आता उपवास सोडलेत आणि ठणक चढायची वाट न बघता लगेच औषध घेते.

बँक कर्मचारी, पुणे

मार्चअखेरीला डावी खालची पापणी लवायला लागली, ती तीन आठवडे. आजी म्हणाली, पुरुषाचा डावा डोळा लवणं बरं नव्हे. मनात पाल चुकचुकलीच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट खोदून विचारली : गाल किंवा ओठाचा कोपराही ओढला जातो का? तसं असेल तर चेहऱ्याच्या नसेची तपासणी लागते. माझी फक्त पापणी होती, झोप ५ तास आणि दिवसाला चहा ८ कप. चहा एका दिवसात तोडला, तर दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की काम सुचेना. कॅफीन अचानक बंद झाल्याचं ते दुखणं. मग दर तीन दिवसांनी एकेक कप कमी केला. झोप लागायला लागली आणि पापणी कधी थांबली ते लक्षातही आलं नाही.

शिवणकाम करते, इचलकरंजी

सुईत दोरा ओवताना मान मागे न्यावी लागायची, संध्याकाळी भुवयांच्या वर दुखायचं. चाळिशी लागली होती. चष्मा घेतला, थांबलं.

भातशेती, संगमेश्वर

मी पायाळू. लहानपणी कुणाला उसण भरली की वाडीतली माणसं आमच्या दारात पाठ करून उभी राहायची आणि आई मला लाथ मारायला लावायची. बहुतेक जण चार-आठ दिवसांत बरे व्हायचे, गुण माझ्या पायाला मिळायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी लावणी करताना मलाच उसण भरली. घरच्यांनी दहा दिवस झोपवून ठेवलं. उठलो तेव्हा कंबर लाकूड झाली होती. फिजिओथेरपीच्या ताईंनी त्याच दिवशी अंगणात चालायला लावलं. म्हणाल्या, अशी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, पडून राहिलं की लांबते. तेव्हा मला वाडीतली ती माणसं आठवली. लाथ खाऊन ती सरळ कामाला जायची.

ट्रकचालक, बीड

एमआरआयच्या कागदावर 'डिस्क फुगली आहे' वाचून मला घाम फुटला. वाटलं, स्टेअरिंग सुटलं आता. दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की पन्नाशीतल्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त जणांत हेच दिसतं. सीट पुढे घेतली, मागच्या खिशातलं पाकीट काढलं, दर दोन तासांनी उतरून चालतो. गाडी चालू आहे.

ठाण्याहून

वरचं वाचून धीर येतो, म्हणूनच हेही लिहिते. यांची कंबर पंधरा दिवस दुखत होती, दोन्ही पायांत कळ जायची. बसायची जागा बधिर झाली, लघवी नीट होईना, तरी लाजेपोटी दोन दिवस बोलले नाहीत. मणक्याच्या तळाशी नसांचा झुपका असतो, त्यावर डिस्कचा दाब आला होता. कळलं त्याच रात्री ऑपरेशन झालं. आता चालतात, पण लघवीसाठी अजून नळी लावावी लागते. सर्जन म्हणाले, अशा वेळी तास मोजायचे असतात. घरात कुणाची कंबर दुखत असेल तर लघवीचं आणि बधिरपणाचं तुम्हीच विचारा. आपणहून कुणी सांगत नाही.