टपात खिळे टाकले तरी स्पिरुलिना पिवळीच, असं का?

गच्चीवरचं_शेवाळ (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, गच्चीवर १०० लिटरच्या निळ्या टपात स्पिरुलिना, म्हणजे खायचं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ, वाढवतेय. वर हिरवी नेट, आत मासोळ्यांच्या टाकीचा छोटा पंप. बोअरचं पाणी, खायचा सोडा, मीठ, थोडं पोटॅशियम नायट्रेट. पीएच दहाच्या आसपास.

महिनाभरापासून रंग उतरलाय. आधी हात बुडवला की मनगटावरची बांगडी दिसायची नाही, आता टपाचा तळ दिसतो. लोह कमी पडलं असेल म्हणून मलमलच्या फडक्यात खिळे बांधून सोडले. चार दिवसांत तळाला तांबूस गाळ बसला, चिमटीत घेतला तर बोटांना गंजाचा डाग. म्हणजे लोखंड पाण्यात उतरलं ना? मग ही उपाशी का? आणि भर समुद्रात लोह जवळपास नसतंच म्हणतात, तिथे हिच्या जातीतली बाकीची कशी जगतात? झोपताना हाच विचार येतो.

फळा_खडू (धरमपेठ, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो)
ताई, लोखंड उतरलं आणि उतरल्या उतरल्या गंजून तळाला गेलं. लोहाचं फेरस रूप विरघळतं, पण हवा खेळणाऱ्या अल्कधर्मी पाण्यात त्याचं लगेच फेरिक, म्हणजे गंजातलं रूप, होतं आणि गाळ बसतो. तुमच्या पीएचला मिनिटभरही लागत नाही. त्यात दिवसभर प्राणवायू सोडते ती तुमची स्पिरुलिनाच. स्पिरुलिना ही सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंपैकी. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियांच्या प्राणवायूने हवा बदलली, त्याच प्राणवायूने समुद्रातलं विरघळलेलं लोहही गंजवलं. तेव्हापासून ही अडचण त्यांच्या मागे आहे.

भूकही मोठी. प्रकाश पकडून वापरणाऱ्या पेशीतल्या दोन यंत्रणा म्हणजे फोटोसिस्टिम-१ आणि २. एका फोटोसिस्टिम-१ ला लोहाचे १२ अणू लागतात, फोटोसिस्टिम-२ चं दोन-तीनांत भागतं. लोह तुटलं की पेशी फोटोसिस्टिम-१ कमी बनवतात, लोह असलेल्या फेरेडॉक्सिन या प्रथिनाच्या जागी बिनलोहाचं फ्लेवोडॉक्सिन वापरतात, हरितद्रव्यही घटतं. तुम्हाला दिसतोय तो उतरलेला रंग याचाच.

उपाय सोपा. १०० लिटरला १ ग्रॅम फेरस सल्फेट आणि ८ ग्रॅम ईडीटीए (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं रसायन, म्हणजे चिलेट), आधी वेगळ्या पाण्यात एकत्र विरघळवून. स्पिरुलिनाच्या प्रचलित झारूक माध्यमात हेच प्रमाण असतं. खायची आहे, तेव्हा दोन्ही शुद्ध प्रतीचं घ्या.

काटोलचा_संत्रावाला
ताई, आमच्या बागेत हेच दुखणं. जमिनीत चुनखडी. नवती निघते ती पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह भरपूर, पण झाडाला भेटत नाही. आधी झाडाच्या बुडाशी हिराकस टाकत होतो, सारा पैसा मातीत. आता चिलेटेड फेरस फवारतो, नवतीवर फरक दिसतो. सर म्हणतात ते फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकसच. नुसतं टाकू नका.

गच्चीवरचं_शेवाळ
दादा, पटलं. सर, समुद्रात ईडीटीए कोण टाकतं मग?

फळा_खडू
ज्याचं त्यानेच करायचं. चिलेट म्हणजे खेकड्याची नांगी समजा, लोहाला चहूबाजूंनी धरून गंजू न देणारी. काही सायनोबॅक्टेरिया अशी नांगी स्वतः बनवून पाण्यात सोडतात, तिला सिडेरोफोर म्हणतात. तळ्यातल्या अ‍ॅनाबीना या सायनोबॅक्टेरियाचा सिडेरोफोर शिझोकायनेन. लोह पकडलेली ही नांगी पेशीच्या बाहेरच्या पटलावरचं प्रथिन ओळखून आत ओढतं. ते ओढायला लागणारी ताकद आतल्या पटलाकडून येते.

तळ्यात हे परवडतं. भर समुद्रात लोह लिटरला एक नॅनोमोलपेक्षाही कमी. हिशेब केला तर शंभर कोटी लिटर पाण्यात ५६ ग्रॅमसुद्धा नाही. तुमच्या टपातल्या मात्रेपेक्षा छत्तीस हजार पटींनी कमी. तिथे सोडलेली नांगी वाहून जाते, परत येईलच असं नाही. म्हणून दुसरी रीत: पेशीच्या अंगाशीच फेरिकचं पुन्हा फेरस करायचं आणि लगेच आत घ्यायचं. सिनेकोसिस्टिस ६८०३ हा गोड्या पाण्यातला सायनोबॅक्टेरिया स्वतःचा सिडेरोफोर बनवत नाही, तो हाच मार्ग धरतो. ऊनही मदत करतं, सायट्रेटसारख्या चिलेटात धरलेलं फेरिक प्रकाशाने फेरस होतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ट्रायकोडेस्मियम, समुद्रातला तंतूंचा सायनोबॅक्टेरिया. आपल्या अरबी समुद्रातही त्याचा तवंग येतो, लाकडाचा भुसा सांडल्यासारखा. शेकडो तंतूंचा एक गोळा, कापसाच्या बोंडाएवढाही नाही, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा. वाळवंटातून उडून आलेली धूळ त्याच्या कडेला चिकटली की तंतू ते कण सरकवत सरकवत गोळ्याच्या गाभ्यात नेतात आणि तिथे त्यातलं लोह सोडवून घेतात. तांबड्या समुद्रातल्या गोळ्यांवर शास्त्रज्ञांनी हे पाहिलं, २०११ मध्ये छापून आलं. ना मेंदू, ना हातपाय. वर्गात हे सांगताना दरवेळी माझा तास लांबतो.

संत्रावाले भाऊ, तुमचं हिराकस समुद्रातही टाकून झालंय. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरवर ते सोडलं. प्रयोगाचं नावच लोहाफेक्स, आपल्या ‘लोहा’वरून. शेवाळ वाढलं, पण बरंचसं बारीक कवचधारी जीवांनी खाऊन टाकलं.

गच्चीवरचं_शेवाळ
नऊ दिवसांनी लिहितेय. तळाचा गाळ नळीने ओढून काढला, खिळे काढले, सरांच्या मापाने हिराकस आणि ईडीटीए दिलं. पाचव्या दिवशी नेटखालून बघितलं तर कडेला गर्द हिरवा पट्टा धरला होता. आज सकाळी हात बुडवला, बांगडी दिसली नाही.