भाजावळीला परवानगी सक्तीची करावी का?

सड्यावरचा: फेब्रुवारी आला की कोकणातले डोंगर एकेक करून काळे पडायला लागतात आणि पेपरात छापून येतं, 'वणवा लागला'. लागत नाही हो, लावला जातो! आपल्याकडे विजा पडतात त्या वळवाच्या नाहीतर परतीच्या पावसात. निरभ्र आकाशाखाली डोंगर आपोआप कसा पेटेल? भाजावळीत, म्हणजे दाढ (भाताची रोपं तयार करायची जागा) भाजताना, उडालेली ठिणगी, शिकारीसाठी लावलेली आग, विडीचं थोटूक, 'जाळलं की गवत जोमानं येतं' ही समजूत. आणि होरपळतात शेजाऱ्याचे हापूस-काजू. माझं मत: ग्रामपंचायतीला आधी कळवल्याशिवाय भाजावळ नको.

भातवाला: शेतकरी सापडला की झोडपा. दाढ असते गुंठा-दोन गुंठे. शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा (सुका पाला), गवत, वर मातीचा थर. ती धुमसते, भडकत नाही. त्यानं तणाचं बी मरतं. आम्ही भाजतो पहाटे, वारा पडलेला असताना. दुपारी खारा वारा समुद्राकडून डोंगराकडे सुटतो आणि आग चढावर धावत जाते. त्या वेळी काडी ओढणारा शेतकरी नसतो, लिहून ठेवा.

सड्यावरचा: लिहिलं. पण पहाटेची धग दुपारपर्यंत धुमसतेच ना? पाणी मारून कितीजण घरी जातात?

काजूवाडी: ह्या सगळा बरोबर, पण गवत कापूक माणूस खंय गावता? चाकरमानी गणपतीक येतले, फोटो काडतले. बागेत वणवो गेलो की फोन, "काय रे, तू खंय होतंस?" कमरेएवढा सुका गवत ठेवलंस, तर काडी कोणाचीय असांदे, पेटतला तुझाच.

सातबारा: भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बहुतेक डोंगर खासगी मालकीचे, एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावं. बाग जाळली म्हणून तक्रार करता येते, पण साक्षीला उभं कोण राहणार, सगळी भावकी! उपग्रहावरून आगीची सूचना मिळते म्हणावं, तर त्यातला एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा. तेवढ्यात चार जणांच्या बागा बसतात. काडी कोणाची, ते वरून दिसत नाही. परवानगीचा कागद झाला तरी तो मागणारा भाजणाऱ्याचा चुलताच असणार.

भातवाला: आणि गवताबद्दल, ती नुसती समजूत नाही. जळलेल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोवळे फुटवे येतात, गुरं ते आवडीनं खातात.

सड्यावरचा: येतात. पण उतार उघडा पडला की पहिल्याच पावसात माती वहाळात. तुमच्याच भाताची ती माती. बरं, परवानगी राहू दे. डिसेंबरातच हद्दीवर जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा पट्टा, दोन्ही बाजूंनी.

भातवाला: माझी बाजू मी काढतो. पलीकडचा मालक मुंबईत. त्याच्या हद्दीतलं गवत मी कापलं, तर मे महिन्यात मोजणीवाला घेऊन दारात उभा राहील, जमीन बळकावतोय म्हणून. त्याला फोन तुम्ही लावता?