मेरशीला गाडीच्या तापमानाचा काटा चढतो, बांबोळीच्या चढणीवर उतरतो. हेड गॅस्केटच असेल का?

वाळपईकरीण

नमस्कार. एप्रिलमध्ये जुनी गाडी घेतली. छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१३ची, जीए-०३ नंबर, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. पहिले मालक कळंगुटचे. एजंटामार्फत १ लाख ९० हजारांना ठरली आणि त्यातले सव्वा लाख पतसंस्थेचं कर्ज आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. गाडी घेतली ती बाबांसाठी. त्यांना दर पंधरा दिवसांनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागतं. वाळपईहून पणजीची बस, मग कदंब स्थानकावर उतरून दुसरी बस, आणि दोन्ही बसच्या पायऱ्या उंच. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी चढायचे आणि मागच्या लोकांना “थांबा हं, थांबा” म्हणायचे. ते मला बघवेना.

आता अडचण. आमचा रस्ता होंडा, साखळी, आमोणे पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे, मग कदंब पठारावरून मेरशी. मेरशीपर्यंत तापमानाचा काटा बरोबर मध्यावर असतो. मेरशीच्या जंक्शनवर गाड्यांच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहिलो की काटा हळूहळू वर सरकायला लागतो. गेल्या खेपेला लाल रेघेच्या एका बोटावर आला. मी घाबरून एसी बंद केला. रांग सुटली, गाडीने वेग घेतला आणि बांबोळीच्या चढणीवरच काटा परत खाली आला. चढणीवर वाढायला हवा ना? उलट झालं, म्हणून जास्तच गोंधळले.

शिवाय कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) डबीतली पातळी महिन्याभरात बोटभर उतरली. पुढच्या डाव्या सीटखालची चटईही ओली असते. बाबा तिथेच बसतात, त्यांचे मोजे भिजतात.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी बॉनेट उघडलं, डबीत पाहिलं, चटईला हात लावला आणि म्हणाले, “हेड गॅस्केट गेलं, शिवाय हीटरही गळतोय. इंजिन खोलावं लागेल. ३२ हजार, चार दिवस गाडी ठेवा.” गाडी सुरू करूनही पाहिली नाही. ३२ हजार म्हणजे माझ्या कर्जाचे सात हप्ते. खर्च करायलाच लागला तर करीन, पण त्याआधी जाणत्या माणसांना विचारावंसं वाटलं. पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे.

जुना फिटर, फोंडा

बाय, गाडी खोलायला देऊ नकोस. निदान गुरुवारपर्यंत तरी नको.

मी ३१ वर्षं हेच काम केलं. तू जे लिहिलंस त्यात उत्तर जवळजवळ आलेलं आहे. उभ्या गाडीत काटा चढतो आणि धावत्या गाडीत उतरतो, याचा अर्थ इंजिनात पाणी फिरतंय, रेडिएटरही बराचसा मोकळा आहे, फक्त उभं असताना रेडिएटरला वारा मिळत नाही. धावताना वारा समोरून आपोआप येतो. उभं असताना तो फॅनने द्यायचा असतो. तुझा फॅन फिरत नसणार.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील. ते गेलेली गाडी चढणीवर तापते, कारण तिथे इंजिनवर जोर येतो. तुझी चढणीवर थंड झाली. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अडकला असता किंवा वॉटर पंप गेला असता तरी चढणीवरच आधी कळलं असतं.

आता घरच्या घरी पाहा. सकाळी गाडी सपाट जागेवर लाव, हँडब्रेक ओढ, बॉनेट उघड, इंजिन सुरू कर आणि एसी लाव. बहुतेक छोट्या गाड्यांत एसी लावला की अर्ध्या-एक मिनिटात रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो. नाही फिरला तर दोष सापडला. एक सांगून ठेवतो. फॅन कधीही अचानक सुरू होतो, इंजिन बंद असलं तरी. ओढणी, केस, हात लांब ठेव. माझ्याकडच्या एका पोराचं बोट असंच गेलं होतं.

मग गॅस्केटची शंका फेडून घे. इंजिन पूर्ण थंड असताना ऑइल भरायचं झाकण उघड आणि त्याची आतली बाजू पाहा. चहात दूध घातल्यासारखा पिवळट-पांढरा साय झालेला थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी जातंय. तेलकट तपकिरी असेल तर ठीक. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पांढरा थर धरतो, एवढ्यावर घाबरू नकोस. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईवरचं ऑइलही बघ. सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतोय का, डबीत सतत बुडबुडे येतायत का, तेही पाहा. एवढं करूनही शंका राहिली तर एक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या औषधाची नळी लावतात. इंजिनातला जळका वायू पाण्यात मिसळत असेल तर निळं औषध पिवळं पडतं. काही शे रुपयांत होते. ती न करता ३२ हजारांचं काम सांगणं मला पटत नाही.

चटईचं वेगळं आहे. त्या पाण्यात बोट बुडव. नितळ, बिनवासाचं, नुसतं थंड पाणी असेल तर ते एसीचं. हवेतला दमटपणा एसीच्या आतल्या गार कॉइलवर पाणी होऊन जमतो आणि एका रबरी नळीतून खाली रस्त्यावर पडतो. ती नळी तुंबली की पाणी डाव्या बाजूला आत उतरतं. आपल्याकडे हवा इतकी दमट की तासाभरात लोटाभर पाणी सहज. रंगीत, चिकट, गोडसर वासाचं असेल तर मात्र कूलंट, म्हणजे ते जिच्यातून फिरतं ती हीटरची कॉइल गळतेय. तेव्हा काचेलाही आतून तेलकट धुकं धरतं.

वाटेत परत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. घाम येईल, पण इंजिनातली उष्णता गाडीच्या आत ओढली जाते. तरी चढतच राहिला तर बाजूला घेऊन बंद कर. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नकोस. आत दाब असतो, साधारण १ बार, म्हणून तर ते पाणी १०० अंशांना उकळत नाही. झाकण सैल केलंस की एकदम उकळून तोंडावर येतं. गरम इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही.

मोरजीचा किनारा

फिटरबाब बरोबर सांगतात. मी एक जोडतो. गाडी कळंगुटची आहे, तर फॅनची मोटर बदलायच्या आधी तिचा सॉकेट उघडून पाहा. किनाऱ्यावर खारं वारं तांब्याला खातं. पिनांवर हिरवी पूड धरते, पुरेसा करंट जात नाही, सॉकेट तापतो आणि वितळतो. माझ्या गाडीचा तीन वर्षांत दोनदा गेला. लोक ४-५ हजारांची मोटर बदलून बसतात आणि दोष सॉकेटचा असतो.

ताई, आणखी एक. कळंगुटची गाडी घेतली आहे तर डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा आणि चारी दारांच्या उंबऱ्याचे रबर उचलून पाहा. बोटाने दाबल्यावर पत्रा कुरकुरला तर वेळीच वेल्डिंग करून घ्या. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. पाऊस सरला की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. आमच्याकडच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, तसल्या पाण्याने धुतलं तर न धुतलेलं बरं.

डिचोली ते पणजी रोज

होंडा-साखळीच्या रस्त्याने जाता म्हणून सांगतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची बाहेरची जाळी, पुढे आणि रेडिएटर मागे, मध्ये दोन बोटांची फट. खनिजाची लाल माती त्या फटीत जाऊन बसते, पाऊस पडला की तिचा गारा होतो आणि उन्हाळ्यात वीट. बाहेरून काहीच दिसत नाही. मागून पुढे, हलक्या धारेने पाणी मारायला सांगा. जोराच्या धारेने पत्र्या वाकतात.

आणि तुम्ही लिहिलं नाही, पण गाडी नावावर झाली का? फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांनी. जुन्या मालकाने राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत कळवायचं असतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. विमाही तुमच्या नावावर १४ दिवसांत व्हायला हवा, नाहीतर स्वतःच्या गाडीचं नुकसान झाल्यावर दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचाच राहतो. त्यामुळे थोडी रक्कम भरावी लागेल, ती भरा.

वाळपईकरीण

सगळ्यांचे आभार. काल रविवारी सकाळी भाऊ आला होता, त्याला घेऊन सगळं पाहिलं. क्रमाने लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

एसी लावला, दोन मिनिटं वाट पाहिली. फॅन फिरला नाही. पाती स्थिर, त्यावर कोळ्याचं जाळं. जाळं तुटलेलंसुद्धा नव्हतं! म्हणजे कितीतरी दिवस तो फिरलाच नव्हता आणि मी त्याच गाडीतून बाबांना नेत होते.

ऑइलचं झाकण तेलकट तपकिरी. डिपस्टिकही स्वच्छ. धूर नाही.

मग साखळीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी आधी बॅटरीवरून दोन वायरी थेट फॅनला दिल्या. फॅन असा घुमला की मी मागे सरले. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज पाहिला, शाबूत. रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच) शेजारच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक नाही. मग सॉकेट उपटला. मोरजीच्या दादांनी लिहिलं तसंच! एका पिनेवर मोरपंखी हिरवी पूड, दुसरी पिन काळी, आणि काळ्या प्लास्टिकचा एक कोपरा वितळून मेणासारखा ओघळलेला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. यासाठी इंजिन खोललं जाणार होतं.

नवीन सॉकेट वायरीसह ३५० रुपये, मजुरी ४००. रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, ते झाकण २८० रुपये. पाणी उतरायचं कारण तेच असावं असं ते म्हणाले: गाडी तापायची आणि कमजोर झाकणातून थोडं थोडं बाहेर जायचं. जुनं कूलंट गंजाच्या रंगाचं होतं, कुणीतरी नळाचं पाणी भरत आलं होतं. सगळं काढून धुतलं आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. कंडेन्सरमागची मातीही धुतली, खाली लाल ओहोळ वाहिला. एकूण २ हजार १०० रुपये.

चटईचं पाणी नितळ, बिनवासाचं. गाडीखाली वाकून पाहिलं तर एसीच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं! भावाने काडीने ते फोडलं आणि वरून साचलेलं पाणी भसकन त्याच्या बाहीवर आलं. चटई उन्हात घातली आहे.

आता वाईट बातमी. डिकीतला खड्डा ठीक आहे, पण मागच्या डाव्या दाराचा उंबरा वीतभर कुरकुरला. पावसाळ्याआधी वेल्डिंग करून घ्यायला हवं.

आणि डिचोलीच्या दादा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. गाडी अजून नावावर झालेली नाही. एजंट “होईल, होईल” म्हणतो. पाच आठवडे झाले. आरसी काढून पाहिली तर बँकेचा बोजाही तसाच आहे. हे मी घेतानाच पाहायला हवं होतं. आता कुणाला धरू?

डिचोली ते पणजी रोज

एजंटाला सोडा, कळंगुटच्या मालकांना थेट फोन करा. कर्ज त्यांच्या नावावर, तेव्हा बँकेचं पत्र त्यांनाच मिळणार. बहुतेकांचं कर्ज फिटलेलं असतं, फक्त पत्र आणायला कुणी गेलेलं नसतं. फॉर्म ३५वर बँकेचा शिक्का हवा, नुसतं पत्र चालत नाही. फॉर्म २९ आणि ३० त्यांच्या सहीसाठी दोन जादा प्रती घेऊन जा. सही आरसीवरच्या सहीसारखी नसेल तर परत फेरी पडते.

जुना फिटर, फोंडा

बरं झालं बाय. ते कोळ्याचं जाळं वाचून मला गलबलून आलं. लाल रेघेपर्यंत एकदा जरी गेली असती तर खरंच गॅस्केट जाऊ शकलं असतं.

नवीन कूलंट भरल्यावर आत हवा अडकते. दोन दिवस रोज सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघ, थोडी उतरेल, तेवढं भर. त्यानंतरही उतरत राहिली तर मला लिही. आणि वितळलेला सॉकेट एकदा बदलला म्हणून निर्धास्त राहू नकोस, नव्या पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत न येऊ देणारं) लावून घे. खारं वारं वाळपईला नाही, पण पाऊस आहे.

वाळपईकरीण

गुरुवारी जाऊन आलो. मेरशीला नेहमीची रांग होती, एसी चालू. काटा मध्यापासून केसभर वर गेला, समोरून फॅनचा घर्र आवाज आला आणि काटा परत जागेवर. बाबा म्हणाले, “हा आवाज कसला?” मी सांगितलं. परतीच्या वाटेवर माशेलला थांबून त्यांना चहा पाजला. मोजे कोरडे होते.

कळंगुटच्या मालकांना फोन लागला. कर्ज २०१८लाच फिटलं आहे. शनिवारी बँकेत ते येणार आहेत, मीही शाळा सुटल्यावर जाते आहे, फॉर्मच्या चार प्रती घेऊन. देव बरे करो तुमचं.