तुळशी तलावावर एका दिवसात तीन-चार जातीचे मासे, कसं जमवायचं?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. लहानपणापासून पंचगंगेच्या घाटावर वडलांसोबत गळ टाकून बसायची सवय, पण मोठ्या तलावावर कधी नीट केलं नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या धामोडला तुळशी तलावावर दोघं गेलेलो, सकाळी सातपासून चारपर्यंत बसलो आणि हाताला काय तर नुसती चिलापी (तिलापिया), तीपण तळहाताएवढी. शेजारी गावातले एक काका बसलेले, त्यांनी त्याच पाण्यातनं एक रोहू, दोन मृगळ आणि जाताजाता अंधार पडायला वामपण (सापासारखा लांब मासा) काढली. विचारलं तर हसले आणि म्हणाले बघून शिका. आता पुढच्या रविवारी तिघं जाणार हाय. एक सात फुटी रॉड रीळवाली हाय, बाकी दोन साधे हातगळ, आमिष म्हणजे कणकेचा गोळा नि गांडूळ. रोहू, कटला, मरळ, वाम असं सगळं एका दिवसात मिळवायचं तर कुठनं सुरुवात करावी? थंडीत मासा खातो का नाही हेपण सांगा.

तंगूसवाला:
भावा, तुमची चूक आमिषात कमी नि खोलीत जास्त हाय. माशाचं तोंड बघायचं आधी. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी गळ तळाला टाकून दिवसभर बसलात तर काय उपयोग नाही. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाटत फिरतो. रोहू मधल्या थरात, पण चारा टाकला की खालीपण येतो, त्याच्या खालच्या ओठाला झालर असते, तो ओढत नाही तर चोखतो, म्हणून दोरीला झटका येत नाही, नुसती जरा हलते नि माणूस म्हणतो वारा हाय. एकाच उंचीवर तीन गळ टाकले म्हणजे एकाच माशाला तीन ताटं वाढली.

तर तिघांनी असं करा. एकानं फ्लोट लावून तीन-चार फुटावर कणीक, त्यात शेंगदाणा पेंड मळलेली, हा कटल्याला. दुसऱ्यानं शिसं लावून तळाला, हा मृगळ नि रोहूला. तिसरा काठाच्या गवतात, त्याचं खाली कोणतरी सांगेल, मरळ माझा विषय नव्हं. बसायच्या आधी भिजवलेली पेंड नि भाताचा कोंडा मिसळून मुठी मुठीनं एकाच जागी टाकायचा, अर्धा तास थांबायचं, आणि दिवसभर ती जागा सोडायची नाही. लोक इथंच कंटाळतात नि जागा बदलत बसतात.

थंडीत मासा खातो, पण पहाटे पाच वाजता जाऊन कुडकुडू नका, ऊन चढून काठचं पाणी जरा तापलं की दहा ते दोन हा माझा चांगला टाईम हाय.

मरळप्रेमी_राधानगरी:
मरळीचं मी सांगतो. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळं अधनंमधनं पाण्यावर येऊन गप्पकन तोंड मारते आणि तिथं गोल उठतो, तो गोल दिसला की जागा सापडली. गवत, बुडालेलं झुडूप, उथळ पाणी. आमिष म्हणून गळ लावलेला रबरी बेडूक गवतावरनं हळूहळू ओढायचा. मारलं की लगेच झटकू नका, एक श्वास थांबा, बेडूक पूर्ण तोंडात जाऊदे मग ओढा. तंगूस (नायलॉनची दोरी) जाड घ्या, तिचे दात नि गवत दोन्ही मिळून पातळ दोरी कापतात.

आणि हे मनापासून सांगतो. पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका हलताना दिसला तर त्याच्याखाली आईबाप असतात, ते पिल्लं सोडून जात नाहीत, त्यामुळं तिथं गळाला मरळ हमखास लागते. लोक म्हणूनच तिथं टाकतात. नका टाकू. आई काढली की बाकीचे मासे पिल्लांना एका दिवसात खाऊन संपवतात. पावसाळ्यात हे जास्त दिसतं, पण लक्षात ठेवा.

भोगावतीकाठी:
परवानगीचं कोणी बोललंच नाही. धरणावर मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार संस्थांकडं असतो, आधी गावात जाऊन विचारा, पैसे सांगितले तर द्या. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे, साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तलावात जे तुम्हाला लागतंय ते बहुतेक कुणीतरी पैसे घालून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडलेलं असतं. फुकटचं नव्हं ते. काळम्मावाडी नि राधानगरीच्या बॅकवॉटरला तर गळ घेऊन जाऊच नका, ते 351 चौरस किलोमीटरचं अभयारण्य हाय. माझ्या ओळखीच्या पोरांनी हे न बघता केलं नि रॉड, गाडी सगळं अडकलेलं.

पंचगंगाकाठ:
लई उपयोगी सांगितलंत सगळ्यांनी. गावात विचारूनच बसणार. एकच अडचण, कणीक टाकली की चिलापी दोन मिनिटात खाऊन टाकते, रोहूपर्यंत पोचतच नाही, त्याला काय?

तंगूसवाला:
उकडलेला मका. दोन-तीन दाणे एका गळाला. चिलापीचं तोंड लहान, कणीक टोचून टोचून खाते पण आख्खा दाणा तिला जड जातो. मका जरा कडक ठेवा, पार मऊ करू नका. वामीला मात्र गांडूळच, अंधार पडता पडता दगडाच्या कडेला तळाला. लागली तर पोत्याच्या फडक्यानं धरा, पाठीवर काट्यांची रांग असते. शिंगटा (मिशावाला मासा) लागला तर आणखी जपून, त्याचे कल्ल्यामागचे नि पाठीवरचे काटे हातात गेले तर रात्रभर ठणकतंय, पकडीनंच गळ काढायचा.

पंचगंगाकाठ:
जाऊन आलो. गावात विचारलं, पैसे दिले, त्यांनीच जागा दाखवली. मक्यावर साडेअकराला रोहू लागला, दोन किलोच्या आसपास, दोरी नुसती थरथरली आणि तुमचं वाक्य आठवलं म्हणून ओढलं, नाहीतर वाराच समजलो असतो. मृगळ दोन, त्यातला लहान सोडून दिला. कटला नाही लागला, फ्लोट दिवसभर तसाच. मरळीचे गोल चार वेळा उठले, बेडकावर एकदा मारलं पण मित्रानं घाईत झटकलं. वाम साडेसहाला. वडलांना रोहू दाखवला तर त्यांनी आधी ओठच उलटून बघितला. कटल्यासाठी फ्लोट अजून वर घ्यायचा का जागाच खोल पाण्याची धरायची, ते सांगा, पुढच्या रविवारी परत जातोय.