बीएस्सी फिजिक्सनंतर इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स: थेट एमटेक, जर्मनी की आधी एमएस्सी?

कळवा_पूर्व

नमस्कार. ठाण्यातल्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात टीवायबीएस्सीला आहे. २०२४-२५ची प्रवेशाची बॅच, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची. मेजर फिजिक्स, मायनर गणित, आतापर्यंतचा सीजीपीआय दहापैकी ८.२. बारावीला गणित होतं. पुढे सेमीकंडक्टर डिव्हाइस किंवा मटेरियल्स या बाजूला जायचंय.

प्रश्न असे. गेट ही एमटेकची प्रवेशपरीक्षा दिली तर तीन वर्षांच्या बीएस्सीवर एमटेक मिळतं का? चौथं वर्ष ऑनर्स करावं की जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी? जर्मनीत फी नसते म्हणतात, पण तिथले लोक बीएस्सीवाल्याला इंजिनीअरिंगच्या मास्टर्सला घेतात का? एका कन्सल्टंटने ‘सगळीकडे मिळतं, फक्त फाइल आमच्याकडे द्या’ असं सांगितलं, म्हणून इथे विचारतेय. शैक्षणिक कर्ज काढायचं झालं तर १५ लाखांच्या आत बसवायचं आहे.

ऐरोली_सेक्टर_८

गेटला बसायची पात्रता वेगळी आणि एमटेकला प्रवेशाची पात्रता वेगळी. बहुतेक गोंधळ इथेच होतो. गेटला पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो. विज्ञानच काय, कला आणि वाणिज्य शाखेचाही. पण चांगला स्कोअर आला म्हणून आयआयटी-एनआयटी तीन वर्षांच्या बीएस्सीवर एमटेकला घेत नाहीत. त्यांच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक स्पेशलायझेशनपुढे चालणाऱ्या पदव्या आणि चालणारे गेटचे पेपर लिहिलेले असतात. अभ्यास त्या तक्त्यापासून सुरू करा, पुस्तकांपासून नाही.

तुमच्यासमोर खरे रस्ते दोन. पहिला चौथ्या वर्षाचा. १३२ क्रेडिटची तीन वर्षांची पदवी १७६ क्रेडिटची ऑनर्स होते. यूजीसीच्या २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात, विज्ञान-तंत्रज्ञान विषयांतली चार वर्षांची पदवी असलेला विद्यार्थी संलग्न क्षेत्रातल्या एमई-एमटेकला पात्र ठरू शकतो, असं म्हटलेलं आहे. ‘ठरू शकतो’ यातच मेख आहे, कारण शेवटचा शब्द त्या त्या संस्थेचा. पुस्तिकेत चार वर्षांची बीएस्सी किंवा बीएस स्पष्ट लिहिलेली नसेल तर विभागाच्या प्रवेश समन्वयकाला ईमेल करा, सोबत विषयांची यादी आणि क्रेडिट जोडा, आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. पवईची आयआयटी तुम्हाला ऐरोली पुलावरून जवळ आहे, पण नुसतं तिच्या फाटकावर जाऊन काही हाती लागत नाही. आधी लेखी विचारा, मग वेळ घेऊन जा.

दुसरा रस्ता जॅम देऊन एमएस्सी फिजिक्स, मग गेट, मग एमटेक. एक वर्ष जास्त जातं, पण दार जास्त उघडं आहे. मटेरियल्स सायन्स, ऑप्टिक्स, ऊर्जा अशा अनेक कार्यक्रमांत एमएस्सी फिजिक्स पूर्वीपासून चालते. आयआयटी दिल्लीचे अप्लाइड ऑप्टिक्स आणि ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स हे एमटेक त्यातलेच. व्हीएलएसआयच्या (चिप डिझाइनच्या) जागांवर मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या बीटेकवाल्यांची गर्दी असते आणि पुष्कळ ठिकाणी पदवीची अटच तशी असते.

पेपर कोणता? मटेरियल्ससाठी एक्सई (इंजिनीअरिंग सायन्सेस) बघा: गणिताचा भाग अनिवार्य १५ गुण, उरलेल्यांतले दोन विभाग प्रत्येकी ३५ गुणांचे, आणि त्यात मटेरियल्स सायन्स हा एक विभाग आहे. अभियोग्यतेचे १५ गुण सगळ्याच पेपरांत. ईसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन) घेतला तर इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस, विद्युतचुंबकत्व आणि गणित ओळखीचं वाटेल, पण नेटवर्क, सिग्नल्स आणि सिस्टिम्स, कंट्रोल, कम्युनिकेशन शून्यापासून उभं करावं लागेल. सहा महिन्यांत कॉलेज सांभाळून ते होत नाही, स्पष्टच सांगतो. फिजिक्सचा पीएच पेपर सोयीचा वाटतो, पण हव्या त्या एमटेकला तो चालतो का हे आधी बघा. एक्सईचा उत्तम स्कोअर घेऊन बसलेल्यांना नंतर कळतं की त्यांच्या कार्यक्रमाच्या यादीत एक्सईच नाही.

बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश कापतात. आकडा भरायचे आणि एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न, यांना उणे गुण नाहीत. फिजिक्सवाल्यांचं गणित पक्कं असतं, त्यामुळे आकड्यांचे प्रश्न सोडून देऊ नका.

खारघर_हिल

जर्मनीबद्दल. बीएस्सीवर घेतात, पण कुठल्या नावाखाली अर्ज करता त्यावर सगळं अवलंबून. तिथली बॅचलरही बहुधा तीन वर्षांची, १८० ईसीटीएसची (युरोपातल्या क्रेडिटची) असते, म्हणून तीन वर्षं हा तिथे मोठा अडथळा नाही. अडथळा विषयांचा. इलेक्ट्रिकल किंवा मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे कार्यक्रम ‘सर्किट थिअरीत इतके ईसीटीएस, सिग्नल्समध्ये इतके, गणितात इतके’ असं मोजून मागतात. सीजीपीआय कितीही असो, रकाना रिकामा राहिला की नकार.

म्हणून अर्जाआधी हा हिशेब स्वतः करा. १३२ क्रेडिट बरोबर १८० ईसीटीएस धरले तर आपलं एक क्रेडिट साधारण १.३६ होतं. इलेक्ट्रॉनिक्सचे सगळे पेपर मिळून १० क्रेडिट असतील तर हातात साडेतेरा ईसीटीएस. कार्यक्रमाला त्या गटात ३० हवे असतील तर तो अर्ज करूच नका, पैसे वाया जातात. फिजिक्सच्या जोरावर मटेरियल्स सायन्स, नॅनो आणि फोटॉनिक्सचे कार्यक्रम जमतात. येना इथला फोटॉनिक्सचा मास्टर्स फिजिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी बघण्यासारखा आहे.

गुणांचं रूपांतर बव्हेरियन सूत्राने होतं. कमाल गुणांकातून तुमचा गुणांक वजा करा, त्याला कमाल वजा पासाचा गुणांक याने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. कमाल १०, पासाला ४ आणि तुमचे ८.२ धरले तर १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १ म्हणजे १.९. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. बरेच कार्यक्रम २.५ची सीमा ठेवतात, त्यामुळे गुणांची काळजी तुम्हाला नाही. पासाचा गुणांक तुमच्या गुणपत्रिकेच्या मागच्या तक्त्यावरून घ्या, दुसऱ्याच्या हिशेबातला उचलू नका.

खर्च: एपीएस, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याच्या प्रमाणपत्राचे १८,००० रुपये. ते नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतं. यूनी-असिस्ट या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो. ही फी नव्हे, तुमचाच पैसा, महिना ९९२ युरोने परत मिळतो. तरी निघण्याआधी एकरकमी उभा करावा लागतो. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या आसपास जातो, म्हणजे तुमच्या १५ लाखांतला मोठा वाटा पहिल्याच वर्षी. आणि ‘जर्मनीत फी नसते’ हे सरसकट खरं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो.

नकार येण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे अपुरा अभ्यासक्रम. पेपरचं नाव ‘फिजिक्स पेपर २’ एवढंच दिसलं तर तिकडचा माणूस त्यात डायोड शिकवला की ऑप्टिक्स, हे कसं ओळखणार? विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सहाही सत्रांचा अधिकृत अभ्यासक्रम उतरवा, प्रत्येक पेपरचे तास, क्रेडिट आणि घटक एका पीडीएफमध्ये आणा, कॉलेजचा शिक्का घ्या.

बेलापूर_लॅब

वरच्या दोघांनी दारं सांगितली. रकाना कसा भरायचा ते मी सांगते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स असतात, शिकणं फुकट, परीक्षेची फी कोर्समागे १,००० रुपये. अंतिम गुणांत असाइनमेंट २५ टक्के आणि देखरेखीखालची परीक्षा ७५ टक्के. एका सत्रात दोनपेक्षा जास्त घेऊ नका. पहिल्यांदा नेटवर्क आणि सेमीकंडक्टर डिव्हाइस, पुढच्या सत्रात अ‍ॅनालॉग सर्किट आणि सिग्नल्स. हे कोर्स तुमच्या पदवीत क्रेडिट म्हणून धरून घेता आले तर फार बरं. गुणपत्रिकेवर आलेलं क्रेडिट आणि वेगळं प्रमाणपत्र यांना निवड समितीकडे सारखं वजन नसतं. कॉलेजच्या एनपीटीईएल समन्वयकाला नोंदणीच्या आधी विचारा, नंतर कोणी ऐकत नाही.

दुसरं, एक छोटं पण पूर्ण मोजमाप हाती घ्या. १एन४००७ डायोड, ५ व्होल्टचा पुरवठा, आणि एक मेगाओहमपासून एक किलोओहमपर्यंत आठ-दहा रेझिस्टर. सगळं लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळतं. प्रत्येक रेझिस्टरला डायोडवरचा व्होल्टेज मोजा. प्रवाहासाठी रेझिस्टरवर मल्टिमीटर लावू नका: मीटरचा स्वतःचा रोध बहुधा दहा मेगाओहम, तो एक मेगाओहमला समांतर आला की दहा टक्क्यांच्या आसपास चूक होते. पुरवठ्यातून डायोडचा व्होल्टेज वजा करून रेझिस्टरने भागा. मग प्रवाहाचा नैसर्गिक लॉगॅरिदम आणि व्होल्टेज यांचा आलेख काढा, चढावरून आयडिअ‍ॅलिटी फॅक्टर (डायोड आदर्शाच्या किती जवळ आहे तो आकडा) काढा. त्यासाठी लागणारा थर्मल व्होल्टेज, म्हणजे केटी भागिले क्यू, ३०० केल्विनला २५.८५ मिलिव्होल्ट. उत्तर एक ते दोनच्या मध्ये यायला हवं.

प्रवाह मोठा झाला की रेषा वाकू शकते ती डायोडच्या अंगच्या रोधामुळे आणि तापण्यामुळे. तसं दिसलं तर ते बिंदू पुसू नका, त्याच वाकण्यातून रोधाचा अंदाज काढा. ब्रेडबोर्डवर वाचन डळमळलं तर जोड सोल्डर करा. मग डायोड परीक्षानळीत घालून बर्फाच्या आणि गरम पाण्यात ठेवा, तोच प्रवाह ठेवून अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टची घट दिसते का बघा. शेवटी तीच मूल्यं एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरच्या मॉडेलमध्ये भरून मोजलेल्या आलेखावर ठेवा. चार पानांचा अहवाल, आकडे आणि कोड गिटहबवर. उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून आवड’ लिहिण्यापेक्षा यातला एक परिच्छेद कामाचा. त्याच पत्रात प्रत्येक मागितलेल्या विषयापुढे तो कुठे शिकलात हे सरळ लिहा.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांचा कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल लागतो. संलग्न कॉलेजांत बऱ्याच शिक्षकांकडे फक्त जीमेल असतं आणि बाहेरची बरीच विद्यापीठं ते मान्य करत नाहीत. ऑफिसकडून आयडी बनवून घ्यायला महिनाभर आधी लागा.

कळवा_पूर्व

खूप आभार, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. चौथं वर्ष करायचंच असेल तर गेट यंदा द्यावी का पुढच्या वर्षी? आणि माझी नेरूळची मैत्रीण बीकॉमला आहे, तिला कॉम्प्युटरकडे वळायचंय.

घोडबंदर_३०

मैत्रिणीला बारावीत किंवा पदवीत गणित होतं का, ते आधी विचार. असेल तर महाराष्ट्राची एमसीए सीईटी, खुल्या वर्गाला पदवीत ५० टक्के, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. परदेशात जायचं असेल तर इंग्लंडमधले संगणकशास्त्राचे कन्व्हर्जन एमएस्सी एक वर्षाचे असतात आणि ते इतर शाखांच्या पदवीधरांसाठीच आखलेले आहेत. बर्मिंगहॅम आणि यॉर्कला आहेत. फी मात्र जर्मनीसारखी नाही.

तुझ्यासाठी आणखी एक रस्ता कुणी बोललं नाही: थेट दुसऱ्या वर्षाची इंजिनीअरिंग. बारावीला गणित आणि बीएस्सीला खुल्या वर्गात ४५ टक्के असतील तर पात्र. पण डिप्लोमावाल्यांना जागा देऊन झाल्यावर तुझा नंबर, आणि पहिल्या वर्षाचे इंजिनीअरिंग ग्राफिक्स व मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवावे लागतात. तीन वर्षं जातात आणि पुढे एमटेक वेगळंच. नोकरीसाठी बीईच हवी असेल तरच. आणि कुणी एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची परीक्षा) सुचवली तर सावध राहा: ३१ मे २०१३पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच ती पदवीसमान धरली जाते.

ऐरोली_सेक्टर_८

गेट यंदाच द्या. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत दिलेली गेट चौथं वर्ष संपल्यावरही वैध असेल, आणि कमी पडली तर पुढच्या फेब्रुवारीची संधी हातात राहते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. वैध गेट स्कोअरवर पूर्णवेळ एमटेक केलं तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन, २४ महिने.

पण त्याआधी एक काम, याच आठवड्यात: तुमच्या कॉलेजात फिजिक्सचं चौथं वर्ष खरंच सुरू होणार आहे का ते विचारा. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाचं असतंच असं नाही. रिसर्चसह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तुमचं ते बसतं, मात्र मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा दोन्ही कॉलेजकडे हवेत. तिथे नसेल तर ठाणे, वाशी, नेरूळ, पनवेल इथल्या इतर कॉलेजांत बदली कधीपर्यंत होते ते मुख्य लिपिकांकडून समजून घ्या.

नावाचंही बघून घ्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी छापलेलं असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा. गेटच्या अर्जात, एपीएसला आणि पासपोर्टवर स्पेलिंग एकच हवं. एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ता दुरुस्त करा. दुरुस्तीला महिने लागतात आणि ट्रान्स्क्रिप्ट निघाल्यावर तीच चूक प्रत्येक कागदावर जाते.