सेकंडहँड पोर्श कायेन: 2013 ची टर्बो की 2019 ची व्ही6? टोकन द्यायच्या आधी काय काय बघायचं?

कोथरूड_ते_कोकण:
मंडळी, दोन गाड्यांवर येऊन अडकलोय.

एक, 2013 ची कायेन टर्बो, 4.8 लिटर व्ही8, 500 अश्वशक्ती. दिल्ली पासिंग, दुसरा मालक, 61,000 किमी, एअर सस्पेन्शन आहे. मागतायत 32 लाख.
दुसरी, 2019 ची कायेन, 3.0 व्ही6 टर्बो, 340 अश्वशक्ती. पुणे पासिंग, कंपनीच्या नावावर, 38,000 किमी. मागतायत 68.

वापर महिन्याला हजार-बाराशे किमी, त्यात निम्मं शहरात आणि निम्मं ताम्हिणी-वरंधा असं घाटात. दोन्ही डीलर म्हणतात "गाडी एकदम टकाटक, एक रुपया खर्च नाही". त्या वाक्याला किती किंमत द्यायची ते ठाऊक आहे. गाडीखाली शिरल्यावर नेमकं कुठे बघायचं तेवढं सांगा.

पाना_तेरा:
टर्बोपासून सुरू करतो, कारण पैसे खाणार ती.

या पिढीचं अंतर्गत नाव 958, 2010 ते 2017. हिचं नेहमीचं दुखणं म्हणजे ट्रान्सफर केस. गिअरबॉक्सच्या मागे बसलेला हा डबा पुढच्या चाकांना ताकद वाटतो. आत क्लचप्लेट आणि त्या दाबणारी इलेक्ट्रिक मोटर असते. आतल्या तेलात ओल शिरली की प्लेटा सलग न घसरता अडकत-सुटत घसरतात. चालवताना ते असं जाणवतं: इंजिन गरम, वेग 40 ते 60, चढ, आणि पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका. गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते किंवा मागून कुणी बारीक धक्के दिल्यासारखी अडखळते. पाय जोरात दाबलात तर लक्षण गायब. म्हणून डीलर टेस्ट ड्राइव्हला हायवेवर नेतो आणि सांगतो, "दाबा साहेब, मजा बघा."

तुम्ही ती जुन्या कात्रज घाटात न्या. आधी 25-30 मिनिटं चालवून गरम करा, मग तिसऱ्या-चौथ्या गिअरला हलक्या पायाने चढवा. एसी आणि गाणी बंद, काचा वर.

इथे एक चलाखी चालते. डब्यात जेमतेम लिटरभर तेल असतं. ते बदललं की थरथर काही काळ दबते, प्लेटा खराब झाल्या असतील तर परत येते. त्यामुळे विकायच्या महिनाभर आधीच्या बिलात फक्त ट्रान्सफर केसचं तेल बदललेलं दिसलं तर शाबासकी देऊ नका, संशय घ्या. पूर्ण डबा बदलायचा तर लाखांत जातं, आणि नवा बसवल्यावर डायग्नॉस्टिक मशीनवरून कॅलिब्रेशन करावंच लागतं. याच पिढीच्या डिझेल व्ही6 ला हा क्लचवाला डबा नाही, तिथे कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह आहे. पेट्रोल आणि डिझेलची तुलना करताना लोक हे विसरतात.

आता इंजिन.

गाडी थंड हवी. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागली तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय, चहा पिऊन दुसऱ्या दिवशी परत या. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडाट नको. दहा मिनिटं आयडलवर ठेवून एकदम 3000 आरपीएमला न्या आणि मागे माणूस उभा करा. निळा धूर आला तर टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत.

या व्ही8 च्या सुरुवातीच्या लॉटमध्ये कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारा भाग) बोल्ट सैल व्हायचे. कंपनीने त्यासाठी मोहीम काढली होती. चॅसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा की ही गाडी त्यात येते का, आणि येत असेल तर काम झालंय का. उत्तर लेखी घ्या. त्याच दमात पेडलचा रिकॉलही विचारा. 2016 मध्ये पेडलच्या पिनची सर्कलिप निसटू शकते म्हणून चार लाखांवर कायेन परत बोलावल्या होत्या.

कूलंट: या व्ही8 मध्ये काही पाईपांचे जोड चिकटवलेले असतात. उष्णतेने डिंक सुटतो आणि पाईप जोडातून निसटतो. इन्टेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) असल्याने वरून काही दिसत नाही. घाट चढून आल्यावर गाडी बंद करा, पाच मिनिटांनी बॉनेट उघडा. गोडसर वास आला की समजा. थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून वीस मिनिटं काटा हलत नाही ना ते बघा.

शेवटी बोअरस्कोप. सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नाही, ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूतच बोअर घासलेला आहे. आठही प्लग काढून कॅमेरा आत सोडा. उभे ओरखडे दिसले की विषय संपला. कॉम्प्रेशन टेस्टवर विसंबू नका, ओरखडे बरेच वाढेपर्यंत आकडे ठीकठाक येतात. प्लग हातात आलेच आहेत तर तेही बघून घ्या, एखादाच तेलकट असेल तर त्या सिलिंडरवर कॅमेरा जास्त वेळ फिरवा.

आरसी_बुकवाला:
पान्याने यंत्र सांगितलं, मी कागद सांगतो. दिल्लीच्या गाडीत दुखणं बहुतेक वेळा कागदातच सापडतं.

ती स्वस्त का आहे? दिल्लीत पेट्रोल गाडीला 15 वर्षांचा नियम (डिझेलला 10), म्हणजे 2013 च्या गाडीला तिथे गिऱ्हाईक कमी. एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही. पण 32 लाख ही तुमची किंमत नव्हे. महाराष्ट्रात आणायची तर दिल्ली आरटीओची एनओसी (फॉर्म 28), इथे नव्याने नोंदणी आणि रोड टॅक्स. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला आपल्याकडे दर 20 टक्के. जुन्या गाडीला वयानुसार रक्कम उतरते, पण आधार मूळ इन्व्हॉइस. म्हणून मूळ इन्व्हॉइसची प्रत मागा आणि टोकन द्यायच्या आधी आरटीओतून आकडा काढून घ्या. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा अर्ज करून मिळतो, पण तो हिशोबात धरू नका. "एनओसी नंतर बघू, अशीच फिरवा" असं कुणी म्हणालं तर दुर्लक्ष करा. परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नोंदणी बदलणं बंधनकारक आहे. हेच पुदुच्चेरी पासिंगच्या महागड्या गाड्यांनाही लागू.

एनसीबी, म्हणजे विम्यातला नो-क्लेम बोनस, हे सगळ्यात स्वस्त हत्यार. चालू पॉलिसी मागा. क्लेम नसेल तर बोनस दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढतो. "एक ओरखडा नाही" म्हणणाऱ्या जुन्या गाडीच्या पॉलिसीवर 0 किंवा 20 दिसलं तर नुकताच क्लेम झालाय, किंवा मालक नुकताच बदललाय, कारण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. म्हणून आधीच्या मालकाच्या वेळची पॉलिसीही मागा.

चॅसिस नंबरचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: डी म्हणजे 2013, ई म्हणजे 2014, के म्हणजे 2019. आरसीवर 2013 आणि चॅसिसवर सी असेल तर ते 2012 चं मॉडेल शोरूममध्ये पडून होतं. भाव त्याप्रमाणे पाडा.

कंपनीच्या नावावरच्या पुण्याच्या गाडीला बोर्डाचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, फॉर्म 29 (दोन प्रती), फॉर्म 30 आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म 35. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर हायपोथेकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) आणि थकलेली चलनं दोन मिनिटांत दिसतात. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसलीय का तेही बघून ठेवा.

चौदा_इंची_पाट्या:
टायर आणि सस्पेन्शनचं कुणी बोललं नाही अजून.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे हवेत आणि झीज जवळपास सारखी. ही नखरेबाजी नाही. व्यास वेगळा झाला की ट्रान्सफर केसचा क्लच सतत घसरत राहतो, म्हणजे पान्याने सांगितलेल्या आजाराला आमंत्रण. डेप्थ गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, खिशात ठेवा. साइडवॉलवर 'एन0', 'एन1' असा शिक्का असेल तर टायर पोर्शने मान्य केलेला. टायरवरच्या डॉट कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी आणि टायर सहा वर्षांचा असेल तर पूर्ण सेटचे पैसे भावातून वजा करा.

एअर सस्पेन्शनला टेप लावा. संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजून लिहून घ्या. सकाळी चालू न करता परत मोजा. एखादा कोपरा सेंटिमीटरभर किंवा जास्त बसला असेल तर तिथला बेलो (स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची रबरी पिशवी) गळतोय. साबणाचं पाणी खालच्या घडीवर मारा, फुगे दिसतील. नुसता बेलो बदलून काम संपेलच असं नाही: गळती भरून काढायला कंप्रेसर दिवसभर पळत असतो, आणि तो आधीच अर्धा मेलेला असतो. जॅकवर घेताना मेकॅनिकला लेव्हल कंट्रोल बंद करायला सांगा.

ब्रेक: टर्बोला पुढे 390 मिमीच्या डिस्क. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मायक्रोमीटर लावला की झालं. कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) पिवळे असतील तर डिस्क सिरॅमिक. तिथे जाडीवरून झीज कळत नाही, कडांचे टवके आणि पृष्ठभाग बघावा लागतो. बदलायचा सेट इतका महाग की त्या पैशात छोटी नवी हॅचबॅक येईल. आणि पिवळा रंग बाजारात डब्यातही मिळतो, म्हणून ऑप्शन कोडचं स्टिकर बघून खात्री करा.

कोथरूड_ते_कोकण:
भारी माहिती. दोन प्रश्न. किलोमीटर मागे फिरवलेत का हे कसं कळणार? आणि 2019 वालीत यातलं काय लागू?

पाना_तेरा:
मीटरवर जाऊ नका, तास बघा. पोर्शचं पीविस मशीन लावलं की इंजिन कंट्रोलरमध्ये एकूण चाललेले तास दिसतात. किलोमीटरला तासांनी भागा. 61,000 किमी आणि 1,700 तास म्हणजे सरासरी 36, शहर-हायवे मिळून पटण्यासारखं. 61,000 आणि 4,000 तास म्हणजे ताशी 15. अशी गाडी एकतर आयुष्यभर ट्रॅफिकमध्ये सडली, नाहीतर काटा मागे गेला. दोन्हीत भाव पडतोच. वेगवेगळ्या मोड्यूलमधल्या जुन्या फॉल्ट नोंदींवर किलोमीटरचा शिक्का असतो, तोही जुळवा. मीटरवर 61,000 आणि जुन्या फॉल्टवर 84,000 दिसलं तर पुढे काही बोलायची गरज नाही.

पूर आलेल्या भागातून गाडी आलीय का हेही त्याच दिवशी बघा. चेन्नई 2015, केरळ 2018, सांगली-कोल्हापूर 2019, या पाण्यातल्या गाड्या राज्य बदलून फिरतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गढूळ रेघ राहते, डिटेलिंगवाले तिथवर पोचत नाहीत. कायेनची बॅटरी पुढच्या सीटखाली असते. तिथला गालिचा उचला, रेलचे बोल्ट आणि कनेक्टरच्या पिना हिरवट आहेत का बघा. पुराशिवायही तिथे पाणी येतं: सनरूफच्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं. छताच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता, ते खाली गाडीबाहेर ठिबकलं पाहिजे.

2019 ची पिढी वेगळी, 9वाय0. गिअरबॉक्स झेडएफचा आठ स्पीड, ट्रान्सफर केसच्या तक्रारी बऱ्याच कमी, तरी कात्रजची चाचणी कराच. या व्ही6 मध्ये बघायचा तो वॉटर पंप. तो व्हॅक्युमवर चालू-बंद होतो, सील गेलं की कूलंट व्हॅक्युमच्या नळीत ओढलं जातं आणि तिथून नको तिथे पोचतं. खाली एक थेंब पडत नाही, टाकीची पातळी मात्र हळूहळू उतरते. पंपाकडची बारीक नळी काढून आत ओल आहे का बघा, पाच मिनिटांचं काम. आणि तुम्हाला दाखवतायत तिला एअर सस्पेन्शन आहे की स्टीलच्या स्प्रिंगा, हे विचारा. बेसला एअर हा ऑप्शन होता. स्प्रिंगा असतील तर वरंध्याच्या रस्त्यासाठी मी त्याला जमेची बाजू म्हणेन.

आरसी_बुकवाला:
68 लाख जास्त वाटतात. नव्या गाडीच्या जुन्या किमतीशी तुलना करून भाव सांगत असतील तर त्यांना आठवण करून द्या, 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून 50 चे 40 टक्के झाले.

चौदा_इंची_पाट्या:
माझं मत उलटं. टर्बोचं इंजिन बोअरस्कोपमध्ये स्वच्छ निघालं तर 32 अधिक टॅक्स अधिक 6 लाख बाजूला, तरी 68 पेक्षा बरंच खाली. 500 अश्वशक्तीचा व्ही8 पुन्हा या भावात मिळणार नाही.

पाना_तेरा:
मिळणार नाही हे खरं. पण वापर महिन्याला हजार किमी आणि निम्मं शहरात. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला 500 आणि 340 सारखेच, आणि गरम होऊन डिंक सुटणारे जोड तिथेच सुटतात. दुसऱ्या गाडीसारखी शनिवार-रविवारी चालवायची असेल तर टर्बो. रोजची हीच असेल तर 2019, मात्र 60 च्या आसपास आणून.

आधी टर्बो रॅम्पवर घ्या. तपासणीचे पैसे तुम्ही द्या, गॅरेजही तुम्हीच निवडा. प्लग काढायला डीलर नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

कोथरूड_ते_कोकण:
शनिवारी सकाळी सातला बोलावलंय, गाडी चालू करून ठेवू नका असं आधीच सांगितलंय. तास, कात्रज आणि वॉटर पंपाची नळी, तिन्हींचे निकाल इथेच टाकतो.

चौदा_इंची_पाट्या:
टेप विसरू नका. शुक्रवारी संध्याकाळीच जाऊन मोजा, सकाळी परत मोजता येईल.