वायंडिंगचे पैसे न देणारं गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी दुकानावर येणार आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवीन तार भरून द्यायचं, दुकान आहे.

गावातल्याच एका कास्तकाराची पाच एचपीची सबमर्सिबल, म्हणजे बोअरमधली मोटर, दिवाळीआधी पूर्ण वायंडिंग करून दिली. बिल ७,२०० रुपये, त्यात निम्म्याहून जास्त पैसा तारेचाच. कापूस विकला की देतो म्हणाले. घरोबा आहे, मी त्यांना काकाजी म्हणतो, म्हणून मोटर दिली. कापूस विकला, हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं आणि मोटर पुन्हा जळली. आता म्हणतात, "माही मोटर तूच जाळली, कायचे पैसे मांगतं?"

मी वावरात जाऊन मोटर त्यांच्यासमोर उघडली. दोन फेजच्या तारेचं इन्सुलेशन वितळून चिकटलेलं, तिसऱ्या फेजची तार मात्र कोरी करकरीत. लाइनच्या तीन फेजपैकी एक गेल्यावर मोटर तशीच चालत राहिली की असं होतं. वायंडिंग कच्ची असती तर एखादीच कॉइल एका जागी फुटली असती. स्टार्टर पाहिला तर ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग, काढून वायर डायरेक्ट केलेली. त्यांची अडचण मला समजते. थ्री फेज लाइन रात्रीची, स्टार्टर पडला की अंधारात बोअरवर जायचं, तेही रानडुकरांच्या भागात. पण त्याचा भुर्दंड मी का सोसू? हे सांगितलं तर चार लोकांत मला चोर म्हणाले. ते फार लागलं.

आता त्यांचाच नाल्यावरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) माझ्याकडे तयार आहे. बेअरिंग आणि सील बदललं, १,४०० रुपये झाले. बाजाराच्या दिवशी पोट्टे घेऊन येतो अन् उचलून नेतो, असा निरोप आहे. मित्र म्हणतात, जुने पैसे दिल्याशिवाय मोनोब्लॉक सोडू नको. हे कायद्यात बसतं का? आणि समोर तावातावानं माणसं उभी असली तर बोलायचं काय?

कोर्टातला_माणूस, अकोला

भाऊ, मित्रांचं अर्धंच बरोबर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्या वस्तूवर कारागिरानं काम केलं, ती त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेता येते. म्हणजे मोनोब्लॉक १,४०० साठी अडवता येईल, ७,२०० साठी नाही. आणि १,४०० ची उधारी आधीच कबूल केली असेल तर तोही हक्क नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. दुरुस्तीचे पैसे बाकी असताना कारागिरानं हक्कानं ठेवलेली वस्तू मालकानंच बुडवण्याच्या इराद्यानं उचलून नेली, तर ती चोरी ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये घड्याळाचं असंच उदाहरण दिलेलं आहे. तुम्ही मात्र त्यांच्या वावरातून केबल, स्टार्टर काही आणू नका. मग तुम्हीच अडकाल.

७,२०० साठी काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मुदतीत त्यांच्या सहीनं "इतके बाकी आहेत" असं लिहून मिळालं तर तिथून मुदत नव्यानं मोजतात. तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावायच्या आधीचं, प्रकरण म्हणून अर्ज द्या. लोकअदालतीत समझोता झाला तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा लागू होतो, त्यावर अपील नाही.

पंपदुरुस्ती, वर्धा

मी हे भोगलं आहे. गर्दीत हिशोब काढू नका, लोक पाहत असले की माणूस माघार घेत नाही. त्यांना आत बसवा, पाणी द्या, पोट्ट्यांशी बोलूच नका. पहिले मोनोब्लॉकचंच बोला: "काकाजी, याचे १,४०० द्या अन् घेऊन जा." जुना विषय त्यांनी काढला तर म्हणा, "जळालेली मोटर आणा, तुम्ही म्हणाल त्या दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. माही चूक निघाली तर फुकट भरून देतो." हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. आवाज चढला तर तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाला फोन लावा. शेजारच्या दुकानदाराला आधीच सांगून ठेवा. मोटरचे आणि त्या स्टार्टरचे फोटो काढले का?

धागाकर्ता

फोटो आहेत, दोन्हीचे. मोनोब्लॉकची उधारी ठरली नव्हती, तसं काही बोलणंच झालं नव्हतं. दुसऱ्या मिस्त्रीची गोष्ट मला पटली, दिग्रसचा एक जुना मिस्त्री त्यांच्याही ओळखीचा आहे. बाजाराच्या आधी मी एकटाच त्यांच्या घरी जाऊन हे सांगतो. काकू समजदार आहेत, त्या घरी असतानाच जाईन. यापुढं मोटर देताना स्टार्टरची अट बिलावर छापायची आहे. कोणाकडे असं बिलबुक असेल तर त्यातला मजकूर इथं टाका.